‘पोटभर’ हे माप : जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण आणि मावळातील घरची भाषा

मराठीत ‘-भर’ हा प्रत्यय मापाचा वाचक आहे. वाटीभर, पळीभर, ताटभर, टोपलीभर या शब्दांत पूर्वपद हे एखादे पात्र असते आणि ते पात्र भरेल इतका पदार्थ असा त्या शब्दाचा अर्थ होतो. मूठभर, ओंजळभर, घोटभर हे शब्द त्याच घडणीचे असले तरी किंचित वेगळे आहेत. कारण वाटी घरातील सर्वांना सारखीच असते, मूठ मात्र ज्याची त्याची. लहान मुलाला मूठभर चुरमुरे दिले म्हणजे कोणाच्या मुठीने दिले, हे विचारण्यास जागा राहते. ‘पोटभर’ हा शब्द या दुसऱ्या गटातला होय. त्यातही त्याचे वैशिष्ट्य असे की, या पात्राचा आकार दुसऱ्यास दिसत नाही आणि ते भरले की नाही हेही दुसऱ्यास दिसत नाही. ज्याचे पोट त्यानेच सांगावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात मात्र ते सांगणे कोणी ऐकून घेत नाही. ‘पोटभर जेवा’ हे वाक्य आज्ञार्थी आहे आणि त्या आज्ञेचे पालन झाले की नाही याची पारख वाढणारी व्यक्ती करते. जेवणारा करीत नाही. पारखण्याची साधनेही ठरलेली आहेत. किती भाकऱ्या मोडल्या, भात दुसऱ्यांदा घेतला की नाही, ताकापर्यंत मजल गेली की मध्येच हात धुतला, ढेकर आला की नाही. म्हणजे जे माप पोटाचे म्हणून बोलले जाते ते व्यवहारात ताटाचे असते. एरवी या दोहोंत फारसे अंतर पडत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या बाबतीत ते अंतर एका दिवसात पाच-दहा पटींनी वाढते अशा माणसांचा वर्ग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात निर्माण झाला आहे. वजन घटविण्यासाठी ज्यांनी जठराची शस्त्रक्रिया करून घेतली आहे ती ही माणसे होत. त्यांच्या नित्याच्या जीवनातील अडचणींचा वैद्यकीय भाग वैद्यकाकडे सोपविला तरी एक मोठा भाग उरतो, आणि तो भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

विवेचनासाठी मावळ घेण्याचे कारण त्याच्या स्थानात आहे. लोणावळ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंतचा पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली आंदर, नाणे व पवन मावळातील गावे ही पुणे आणि मुंबई यांच्या मध्ये आहेत. लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग यांमुळे शहरातील रुग्णालय जवळ आले. परंतु घरातील चूल, पंगत, सप्ताह आणि भाताची शेती ही जागच्या जागीच राहिली. शस्त्रक्रिया शहरात होते, जेवावयाचे मात्र घरी येऊन असते.

प्रथम शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहू. तिला वैद्यकात ‘बॅरिॲट्रिक’ असे विशेषण लावतात. ग्रीक भाषेतील ‘बारोस’ म्हणजे भार आणि ‘इयात्रोस’ म्हणजे वैद्य या दोन शब्दांपासून ते सिद्ध झाले आहे. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा मोठा भाग वगळून अन्नाला वेगळी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया केली, तेथपासून तिचा एक प्रवाह सुरू होतो. आज जी शस्त्रक्रिया सर्वाधिक केली जाते तीत जठराचा बाहेरच्या वक्राकडील सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी शेष ठेवतात. प्रौढ माणसाच्या जठरात भरल्यावर लिटरभर किंवा अधिक अन्न मावते. या नळीत १०० ते १५० मिलिलिटर. म्हणजे आमटीची एक लहान वाटी. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. शिवाय जठराचा जो भाग पहिल्या प्रकारात काढला जातो त्यात घ्रेलिन नावाचे, भूक चेतविणारे द्रव्य मुख्यतः तयार होते. जपानी संशोधकांनी त्याचा शोध १९९९ साली लावला. तेव्हा या माणसांचे पात्र लहान होते, इतकेच नव्हे तर ते भरण्याची ओढही निदान काही काळ मंदावते. हा दुसरा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

ही शस्त्रक्रिया केवळ अतिप्रचंड देहाच्या माणसांसाठीच आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वृत्तपत्रांचा त्यात वाटा आहे. २०१७ साली इजिप्तमधून मुंबईत आणलेल्या, जवळजवळ पाचशे किलो वजनाच्या स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मराठी वाचकांच्या मनात तेच चित्र ठसले. त्याआधी २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ती करून घेतली तेव्हा निदान एवढे कळले होते की, चालत्या-फिरत्या, खाण्याची आवड असलेल्या, मधुमेही माणसालाही तिचा उपयोग असतो. वस्तुतः भारतीय शरीराबद्दलचे एक महत्त्वाचे निरीक्षण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, असतानाही याज्ञिकांच्या देहात मेदाचे प्रमाण २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के भरले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली हे दोघांचे छायाचित्रासह प्रसिद्ध झाले. वरवर सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहात मेद लपलेला असतो, हे त्यातून सामान्यांनाही कळले. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार ज्या निर्देशांकापासून करावा तो २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत २७.५ इतका खाली आणला गेला आहे. अशा माणसाला गावात कोणी ‘लठ्ठ’ म्हणतही नाही. ‘अंगाने भरलेला’ म्हणतात. मग त्याने पोट का कापून घेतले, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

येथूनच शब्दांची अडचण सुरू होते. ‘जठर’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर ‘जठराग्नी’ या समासातच काय तो भेटतो. बोलण्यात सर्वत्र ‘पोट’. या एका शब्दाने जठर, आतडी, गर्भाशय, ओटीपोट, उदरनिर्वाह आणि अंतःकरण एवढ्या गोष्टी सांगितल्या जातात. पोट भरणे म्हणजे चरितार्थ चालविणे, हातावर पोट असणे म्हणजे रोजच्या मजुरीवर जगणे, पोटात ठेवणे म्हणजे गुपित राखणे, पोटचा म्हणजे औरस. म्हणून समजावून सांगणारा डॉक्टर किंवा परिचारिका ‘पोटाची पिशवी लहान करावयाची’ असे सोपे करून सांगते. हेतू चांगला, पण महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीत ‘पिशवी’ हा शब्द गर्भाशयासाठी रूढ आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची २०१९ साली चर्चा झाली, तेव्हा ‘पिशवी काढली’ हाच शब्दप्रयोग त्या स्त्रियांच्या तोंडी होता. स्त्रीच्या संदर्भात नुसते ‘ऑपरेशन झाले’ म्हटले तर ते कुटुंबनियोजनाचे, असाही अर्थ गावात सहज घेतला जातो. जगभर या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. त्यातील जी विवाहित, मूल न झालेली असेल, तिला शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्यास सांगतात. एकीकडे ‘पिशवीचे ऑपरेशन’ आणि दुसरीकडे लांबणीवर पडलेला पाळणा, या दोन गोष्टी शेजारणींनी एकत्र जोडल्या तर त्यात त्यांचा काय दोष? तिने ‘जठर’ म्हणावे तर कळत नाही, ‘पिशवी’ म्हणावे तर भलतेच कळते. ‘अन्नाची पिशवी’ एवढे स्पष्ट विशेषण लावून बोलणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग आहे. रुग्णालयांनी तरी तो बिनचूकपणे अवलंबावा.

आता खाण्याकडे वळू. मराठीत ‘खाणे’ आणि ‘जेवणे’ असे दोन स्वतंत्र धातू आहेत. हा भेद केवळ अर्थाचा नाही, व्याकरणाचाही आहे. ‘तिने भाकरी खाल्ली’ असे आपण म्हणतो. परंतु ‘ती जेवली’, ‘ती भात जेवली’. भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला जो ‘ने’ लागावयाचा तो ‘जेवणे’ला लागत नाही, क्रियापद कर्त्याच्याच लिंगवचनाने चालते. दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) अशा अपवादभूत धातूंचा विचार केला आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ सालच्या ग्रंथात दक्षिण आशियातील भाषांचे समान विशेष सांगताना खाणे, पिणे, शिकणे, ऐकणे अशा, क्रियेचे फळ कर्त्याच्याच ठायी जमा होणाऱ्या धातूंचा एक गट मानला. त्या गटातही ‘जेवणे’ हा अधिक आत्मनिष्ठ धातू आहे असे म्हणता येईल. पदार्थ कोणता हे त्याला महत्त्वाचे नाही, माणूस जेवलेला होणे महत्त्वाचे.

जेवलेला होण्यास काय लागते? मावळात भात लागतो. भाकरी, पिठले, कालवण हे असतेच. पण भात झाल्याखेरीज जेवण झाले असे कोणी म्हणत नाही. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून सिद्ध झालेला, १९८७ साली प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ हा वाण आज या भागाची ओळखच होऊन बसला आहे. सुवासिक, मऊ, शिजल्यावर किंचित चिकट. हा चिकटपणा म्हणजे त्याची थोरवी. आणि नेमका तोच गुण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अनेकांना बाधतो. चिकट भात, मऊ पाव, कणकेचे लुसलुशीत पदार्थ यांचा अरुंद नळीत गोळा होतो, छातीमागे दडपण येते, प्रसंगी उलटी होते. कोरड्या मटणाचेही तसेच. शिवाय दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळालीच पाहिजेत आणि वाटीभर जागेत ती मावली पाहिजेत, तेव्हा भातासाठी जागा उरतच नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, एवढे लक्षात घेतले म्हणजे हिशेब किती ताणलेला आहे ते कळते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे घ्यावे लागते. अंडे, मग ताक, मग मुगाचे कढण, मग पनीरचा तुकडा, मग पिठले. हे सर्व झाले, तरी भाषेच्या दृष्टीने तो माणूस ‘खातो’ आहे, ‘जेवत’ नाही. दिवसातून सहा वेळा खाऊनही रात्री त्याची आई म्हणते, ‘सकाळपासून जेवला नाही पोरगा.’ तिचे विधान चूक नाही. तिच्या भाषेत ते अक्षरशः खरे आहे.

खाण्याच्या गतीचेही असेच. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून, वीस-तीस मिनिटांत वाटीभर संपवावे असे सांगतात; पाणी जेवणाबरोबर नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर, आणि तेही घोट घोट. भातलावणीच्या दिवसांत बांधावर बसून चार घास उरकणाऱ्या समाजात सावकाश खाण्याचे शब्द बहुधा निंदेचेच आहेत. चिवडत बसणे, चघळत बसणे, रवंथ करणे, नखरे करणे. भराभर खाणाऱ्यासाठीही गपागपा, बचाबचा असे शब्द आहेत खरे. पण ते हसण्यावारी नेले जातात. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रीची अडचण त्याहून मोठी. उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून संपविणे हे तिचे न सांगितलेले काम असते. शस्त्रक्रियेनंतर ते काम करावयास घरात कोणी उरत नाही, आणि ते काम होते हेही घराला तेव्हाच कळते.

एका बाबतीत मात्र आपली भाषा वैद्यकाच्या पुढे आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिला आठवडा-दोन आठवडे पातळ, मग गाळलेले वा घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. छापील सूचनापत्रांत हे ‘द्रवरूप आहार’, ‘अर्धद्रव आहार’, ‘मृदू आहार’ अशा परिभाषेत येते. ती इंग्रजीवरून बेतलेली आहे आणि घरातील बाईला तिचा अर्थ लावावा लागतो. उलट आजारी माणूस, बाळंतीण आणि दात न आलेले मूल यांच्या निमित्ताने मराठीने अन्नाच्या घट्ट-पातळपणाची फार बारीक प्रतवारी करून ठेवली आहे. निवळ, सार, कढण, पेज, कण्हेरी, माडगे, आटवल, गुरगुट्या भात, आसट भात, मग मोकळा भात. यातील प्रत्येक पायरी स्वयंपाक करणारीच्या हाताला ठाऊक असते. पळी उभी धरली असता काय गळेल तेही ठाऊक असते. परिमाणाचेही तसेच. चतकोर, नितकोर, कोर, पळी, घोट, शीत. ‘चतकोर भाकरी’ हे माप आणखी कोणत्याही आकड्याने सांगण्याची गरज नाही. ही शब्दसंपत्ती सूचनापत्रांत वापरावी, हे उघड आहे. एवढीच सावधगिरी हवी की पेज, कण्हेरी आणि गुरगुट्या भात हे तांदळाचे असल्याने त्यांत प्रथिने थोडी. शब्द घेताना पदार्थ मुगाचे कढण किंवा हुलग्याचे माडगे असा निवडावा लागतो. या प्रतवारीत आणखी एक गोम आहे. हे सारे शब्द आजाराच्या किंवा बाल्याच्या कोशातले आहेत. धडधाकट पुरुषाच्या पुढे वाटीभर कढण ठेवले की सर्वांच्या दृष्टीने तो रोगी ठरतो.

सणासमारंभात गाठ पडते ती आग्रहाशी. आग्रहाचे एक व्याकरण आहे. यजमानाने वाढावयाचे, पाहुण्याने ‘नको’ म्हणावयाचे, यजमानाने पुन्हा म्हणावयाचे, पाहुण्याने हात आडवा धरावयाचा, आणि तिसऱ्या फेरीस हात किंचित बाजूला करावयाचा. पहिले दोन नकार हे नकार नसतातच. तो शिष्टाचार असतो. परिणामी ज्याला खरोखर नको आहे त्याच्यासाठी निराळा शब्द उरत नाही. त्याचा चौथा आणि पाचवा ‘नको’ही पहिल्यासारखाच ऐकू येतो. ‘दोन घास तरी घ्या’ या वाक्यातील ‘दोन’ हे संख्यावाचक नाही, ते ‘थोडे’ या अर्थी आहे, हे सर्वांस माहीत असते. पण या माणसाच्या बाबतीत ते शब्दशः संख्यावाचक होते आणि त्यामुळे विनोदही होतो. गावच्या हरिनाम सप्ताहात काल्याच्या दिवशी पंगत बसते. ज्याला पूर्वी स्थूलतेमुळे मांडी घालून बसता येत नव्हते, म्हणून कडेला खुर्ची द्यावी लागत असे, तो आता वजन उतरल्यावर चारचौघांसारखा पत्रावळीसमोर मांडी घालून बसू शकतो, आणि बसल्यावर तीन-चार घासांत त्याचे जेवण आटोपते. पंगत उठेपर्यंत उठता येत नाही, पानात टाकता येत नाही, वाढप्याची बादली तर येतच राहते.

अशा वेळी शरीर ज्या खुणा देते त्याही चुकीच्या वाचल्या जातात. शस्त्रक्रियेनंतर पोट भरल्याची खूण अनेकांच्या बाबतीत ढेकर नसून उचकी, शिंक किंवा नाकातून पाणी येणे ही असते. उचकी लागली की मराठी घरात दोन गोष्टी घडतात. कोणी तरी आठवण काढली, असे हसून म्हटले जाते आणि पाण्याचा तांब्या पुढे केला जातो. भरलेल्या नळीवर त्या क्षणी पाणी ओतणे म्हणजे उलटीस निमंत्रण. इतक्या प्रेमळपणे केलेले इतके अयोग्य काम क्वचितच दुसरे असेल.

गोडाविषयी वेगळे सांगावयास हवे. ज्यांच्या आतड्याची वाट बदलली आहे त्यांना साखर किंवा गूळ एकदम पोटात गेल्यावर दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडणे, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. काहींना एक-तीन तासांनी रक्तातील साखर उतरून हातपाय गळाल्यासारखे होतात. जठराची नळी केलेल्यांत हे कमी आढळते, पण आढळते. लोणावळ्यात पाहुणा येतो तो चिक्कीचा डबा घेऊनच जातो, आणि लोणावळेकर कोठे जातो तेव्हा त्याच्या हाती तोच डबा असतो. शेंगदाणा चांगला म्हणून चिक्कीही चालेल, हा तर्क गुळाच्या पाकापाशी फसतो. एकादशीचे फराळही येथे आठवावे. साबुदाणा, रताळे, वरीचे तांदूळ हे सारे पिष्टमय आहे, आणि ‘आज उपवास, पोटाला विश्रांती’ हे समर्थन या माणसाला लागू पडत नाही, कारण एक दिवस प्रथिने चुकली तर ती दुसऱ्या दिवशी दुप्पट खाऊन भरून काढण्याइतकी जागाच त्याच्यापाशी नसते. वारकरी घरात हे सांगणे सोपे नाही.

अल्प खाण्याला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा नाही असे नाही. लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधामाने ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती १९७० साली प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात मिताहाराचे लक्षण पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवणे असे दिले आहे, आणि ‘घेरंडसंहिता’ तर अर्धे अन्नाने, एक चतुर्थांश पाण्याने भरून उरलेला वायूसाठी सोडावयास सांगते. हे मापही ‘पोटभर’सारखेच सापेक्ष आहे, पात्र दिलेले आहे आणि साधकाने ते किती भरावयाचे ते स्वतः ठरवावयाचे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘योगी झालास की!’ म्हणणारे त्याच्यावर कौतुकच करीत असतात. पण त्याने पात्र रिकामे ठेवलेले नसते, पात्रच बदललेले असते. संयमाचे श्रेय त्याला नको असते आणि ‘आयते वजन उतरवले’ हा टोमणाही तितकाच अन्यायाचा असतो.

वजन उतरल्यावर जे बोलले जाते त्याकडे लक्ष दिले तर मराठी शब्दसंग्रहाचा कल स्पष्ट होतो. ‘वाढणे’ हा धातू येथे विचारात घेण्याजोगा आहे. ताटात वाढतात, मूल वाढते, नारळ वाढवितात, बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात, डब्यातील तांदूळ संपले तरी ‘वाढले’ म्हणावे असे जुनी माणसे शिकवितात. नाशाला आणि अभावालाही ज्या भाषेने वाढीचे नाव दिले, त्या भाषेत घटण्याला मंगल शब्द कोठून असावा? देह घटला की खंगला, वाळला, सुकला, झडला, रोडावला, गाल बसले, डोळे खोल गेले. ‘बारीक झाला’ एवढाच एक शब्द तटस्थ. याउलट मूल बाळसे धरते, आणि आनंद झाला तर अंगावर मूठभर मांस चढते. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, ते पुढे बहुधा पुन्हा येतात. त्वचा मात्र सैल पडून लोंबू लागते. मग विचारणा होते ती मधुमेह बरा झाला का, गुडघे दुखावयाचे थांबले का, अशी नसते. ‘कसले दुखणे आहे?’ अशी असते.

घ्रेलिन कमी झाल्याने भूक मंदावते, हे वर आलेच आहे. मराठीत त्यासाठी वाक्य तयार आहे. ‘अन्नावरची वासना उडाली.’ हे वाक्य क्षयाच्या, मोठ्या दुःखाच्या किंवा अखेरच्या आजाराच्या संदर्भात बोलले जाते. मुलाने सहज ‘भूकच लागत नाही’ म्हटले की आईच्या कानी ते वाक्य येते. डॉक्टर ज्याला उपचाराचा अपेक्षित परिणाम म्हणतो तो घराच्या भाषेत अशुभसूचक आहे. येथे रुग्णाने नव्हे, समजावून सांगणाऱ्याने पुढाकार घ्यावयास हवा, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधी, घरच्या मंडळींना समोर बसवून.

नकारासाठी लोक सामान्यतः ज्या शब्दाचा आश्रय घेतात तो ‘पथ्य’. तो समर्थ शब्द आहे. ‘डाएट’ म्हटले की थट्टा होते, ‘पथ्य’ म्हटले की पुढे केलेली पळी मागे जाते. कारण पथ्याच्या मागे वैद्याची आज्ञा उभी असते आणि ती मोडण्याचे पाप वाढणारीच्या माथी येते. पण पथ्याला मुदत असते. पथ्य ‘पाळतात’ आणि मग ‘सोडतात’, उपवास सोडावा तसे. शस्त्रक्रियेला वर्ष उलटले, माणूस हिंडूफिरू लागला, लोहगडाची चढण चढू लागला, की ‘आता कसले पथ्य?’ असा प्रश्न येतोच. साधारणपणे बारा ते अठरा महिन्यांच्या सुमारास वजन सर्वांत खाली येते, भूक थोडी परतते, नळीही थोडी सैलावते, आणि वजन पुन्हा चढण्याची शक्यता नेमकी याच सुमारास सुरू होते. म्हणजे ज्या वेळी नकाराची गरज सर्वाधिक, त्याच वेळी तो नकार पेलणारा शब्द क्षीण झालेला असतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्याही जन्मभर घ्यावयाच्या असतात. शाकाहारी माणसाला बी-१२ तर विशेषच. ‘बरा झालास तरी गोळ्या?’ या प्रश्नालाही ‘पथ्य’ या शब्दातून उत्तर मिळत नाही.

मराठीत या जागी चालण्याजोगे एक क्रियापद आहे, ते म्हणजे ‘मानवणे’. ‘मला भात मानवत नाही.’ यात ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत आहे, भात हा कर्ता आहे, आणि इच्छेचा किंवा आज्ञेचा कोठे संबंध नाही. ‘मी भात खात नाही’ यात आग्रह मोडल्याचा भाव येतो, ‘मला भात नको’ हा शिष्टाचाराचा नकार समजला जाऊन पुन्हा वाढले जाते, ‘डॉक्टर नको म्हणतात’ याला मुदत आहे. ‘मानवत नाही’ ही मात्र प्रकृतीची गोष्ट. कोणाला दूध मानवत नाही, कोणाला वांगे, कोणाला मुंबईची हवा. त्याबद्दल कोणी खुलासा मागत नाही. ‘सोसत नाही’ हा शब्द जवळचा असला तरी त्यात दुबळेपणाची छटा आहे. हे वाक्य रुग्णाला शिकविण्याचे काम आहारतज्ज्ञाने करावयास हरकत नाही. निदान ग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या कोष्टकाखाली ते छापावे. पवन मावळातील एखाद्या लग्नात वाढपी भाताचे घमेले घेऊन समोर उभा राहील, तेव्हा कोष्टक आठवावयाचे नाही, वाक्य आठवेल; आणि शस्त्रक्रियेला दहा वर्षे लोटल्यावरही ते जसेच्या तसे म्हणता येईल.